आठ ग्लास कुणी मोजले?

हल्ली पाण्याच्या बाटल्यांवर वेळापत्रक छापलेलं असतं. सकाळी सात, नऊ, अकरा अशा रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी ‘शाब्बास’, ‘अजून थोडं’ असं काहीबाही. दर तासाला घंटा वाजवून पाणी प्यायची आठवण करणारी ॲप आहेत. व्हॉट्सॲपवर तर पाण्याचं स्वतंत्र शास्त्रच चालतं: उठल्याउठल्या चार ग्लास, जेवणाआधी अर्धा तास एक, आंघोळीआधी एक, झोपताना एक. उभ्यानं प्यायलात तर गुडघे जातील, गटागटा प्यायलात तर मूत्रपिंडं. या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा आहे, दिवसाला आठ ग्लास. शेजारच्या काकूंपासून जिममधल्या ट्रेनरपर्यंत सगळे तोच सांगतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ च्या आहार-मार्गदर्शिकेतही आठ ग्लास, म्हणजे सुमारे दोन लिटर, असंच लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात आणि अंगमेहनतीत गरज वाढते हेही तिथं आहे, पण तेवढं कुणी पुढे पाठवत नाही.

गळलेल्या वाक्याची ही पहिली वेळ नव्हे. १९४५ साली, महायुद्ध संपता संपता, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अन्न व पोषण मंडळानं माणसाला रोज काय किती लागतं याच्या शिफारशी छापल्या. पाण्याबद्दल त्यात असं होतं की प्रौढ माणसाला साधारण अडीच लिटर पुरतं. खाल्लेल्या दर कॅलरीमागे एक मिलिलिटर धरा. आणि लगेच पुढे, यातलं बहुतेक पाणी शिजवलेल्या अन्नातूनच पोटात जातं, असाही खुलासा होता. आकडा लोकांच्या लक्षात राहिला, खुलासा हवेत विरला. पुढे १९७४ मध्ये हार्वर्डचे पोषणतज्ज्ञ फ्रेडरिक स्टेअर आणि मार्गारेट मॅकविल्यम्स यांनी आपल्या पुस्तकात सहा ते आठ ग्लास असं लिहिलं, पण त्यात चहा, कॉफी, दूध, सरबतं, इतकंच काय, फळंसुद्धा धरली होती. तेही गळलं. उरले आठ ग्लास, आणि तेही निव्वळ साध्या पाण्याचे.

२००२ मध्ये डार्टमथ वैद्यकीय महाविद्यालयातले हाइन्झ व्हाल्टिन या प्रश्नाच्या मागे लागले. गृहस्थ मूत्रपिंडांचं कार्य शिकवण्यात आणि अभ्यासण्यात हयात घालवलेले. त्यांनी जुनं-नवं वाङ्मय चाळलं आणि अमेरिकेतल्या शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात लिहिलं की निरोगी, बैठं काम करणाऱ्या, समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या प्रौढाला रोज आठ ग्लास पाणी लागतं याला शास्त्रीय आधार सापडत नाही. त्यांनी घातलेल्या अटी नीट वाचायला हव्यात. निरोगी, बैठं काम, समशीतोष्ण हवा. मे महिन्यात चंद्रपूरला डांबर टाकणाऱ्या माणसाबद्दल ते काही बोलत नव्हते.

अन्नातल्या पाण्याचा हिशेब आपल्याच ताटावर करून पाहावा. पातळ वरणाची एक वाटी म्हणजे सव्वाशे मिलिलिटर पाणी सहज. मूद-दीड मूद भातात शंभर ग्रॅम पाणीच असतं, कारण शिजलेल्या भाताच्या वजनात दोन तृतीयांशाहून अधिक पाणी. काकडीची कोशिंबीर घेतलीत तर काकडी ९५ टक्के पाणी. भाजीत पाऊणएक हिस्सा पाणी, दोन पोळ्यांतही पंचवीसेक ग्रॅम. वर एक ग्लास ताक. म्हणजे पाण्याच्या भांड्याला हात न लावता अर्धा लिटरहून जास्त पाणी पोटात गेलं. शिवाय अन्न जाळताना शरीर स्वतःच रोज पाव लिटरच्या आसपास पाणी तयार करतं. ब्रेड, चिवडा, फरसाण आणि बिस्किटांवर दिवस काढणाऱ्याचं गणित अर्थात निराळं. हेच ताट रोज जेवणाऱ्या आजोबांनी ‘मी दिवसात चार भांडी पाणी पितो’ म्हटलं, तर घरातल्यांनी लगेच घाबरायचं कारण नाही.

ग्लास म्हणजे तरी किती? आकडा जन्माला आला तिथला ग्लास आठ औंसांचा, २३७ मिलिलिटर. असे आठ म्हणजे १.९ लिटर. आपल्याकडचा स्टीलचा ग्लास बहुधा अडीचशे ते तीनशेचा, फुलपात्र त्याहून बरंच लहान, आणि तांब्याचा तर काही नेमच नाही. आठ तांबे प्यायलेला माणूस मी पाहिलेला नाही. असला तर त्याला भेटायला मला आवडेल.

आता शरीराकडे वळू, कारण खरा जमाखर्च तिथं चालतो. रक्तात मिठाचं प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढलं तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना ते कळतं. त्या आधी व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडायला लावतात. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी सोडू नका. लघवी कमी आणि गडद होते. एवढ्यानं भागलं नाही तर तहान लागते. म्हणजे तहानेच्या आधी बचतीची एक पायरी आहे, आणि तहान लागते तेव्हाही शरीराचं काही बिघडलेलं नसतं. ‘तहान लागली म्हणजे उशीर झालाच’ हे वाक्य जाहिरातीत शोभतं. निरोगी माणसाच्या रोजच्या दिवसाला ते लागू नाही. मूत्रपिंडांची झेप केवढी, तर दिवसाची घाण अर्ध्या लिटर लघवीतूनही बाहेर टाकू शकतात आणि पाणी जास्त झालं तर तासाला पाऊण ते एक लिटरपर्यंत बाहेर काढू शकतात. अशा कारागिराला बाटलीवरच्या रेघांचं वेळापत्रक लावायची गरज नाही.

याहून मजेची गोष्ट घशाची. पाणी पोटातून रक्तात जायला दहा-वीस मिनिटं लागतात, पण तहान दोन-चार घोटांतच भागल्यासारखी वाटते. घोट मोजून मेंदू आधीच अंदाज बांधतो. आणि गरज संपल्यावर? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वीस जणांना आधी तहानलेलं असताना आणि मग भरपूर प्यायल्यावर, असं दोन्ही वेळा पाणी गिळायला लावलं. पोट भरल्यावर एक घोट गिळायला लागणारे कष्ट तिपटीनं वाढले होते. घसाच जणू ‘पुरे’ म्हणतो. फर्मान आलंय म्हणून संध्याकाळी सातला उरलेली बाटली घशाखाली ढकलणाऱ्यांना हा अनुभव असेलच.

परंपरेच्या नावानं जास्त पाणी प्यायला सांगणाऱ्यांसाठी एक बातमी. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडले तर निरोगी माणसानंही पाणी थोडंथोडंच प्यावं असं सांगितलेलं आहे. जेवणाच्या आधी पाणी प्यायल्यानं माणूस कृश होतो, मध्ये प्यायल्यानं सम राहतो, शेवटी प्यायल्यानं स्थूल होतो, हाही त्याचाच विचार. दुसरीकडे चरकसंहितेत जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत लघवीचा वेग आहे आणि तहानेचाही. म्हणजे तहान दाबू नका, पण तहान नसताना ढोसूही नका. आजच्या शरीरक्रियाशास्त्राशी हे बरंच जुळतं. उभ्यानं पाणी प्यायल्यानं गुडघे दुखतात याला मात्र कुठलाच पुरावा नाही. पाणी गुडघ्यात उतरत नाही. ते आतड्यात शोषलं जातं, माणूस बसलेला असो की लोकलच्या दांडीला लटकलेला.

मग माणसाला रोज पाणी लागतं तरी किती? या प्रश्नावरचं आजवरचं सगळ्यात मोठं मोजमाप २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. जपान, स्कॉटलंड, अमेरिका अशा अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून २३ देशांतल्या ५६०४ माणसांच्या नोंदी एकत्र केल्या. वय आठ दिवसांपासून ९६ वर्षांपर्यंत. लोकांना ‘किती पाणी पिता?’ असं विचारलं नाही, कारण त्याचं उत्तर कुणालाच धड देता येत नाही. जड हायड्रोजनची खूण असलेलं थोडं पाणी प्यायला देऊन ते शरीरातून किती वेगानं निघून जातं हे मोजलं. विशीपासून पस्तिशीपर्यंतच्या पुरुषांच्या शरीरात दिवसाला सरासरी ४.२ लिटर पाण्याची उलाढाल होते, वीस ते चाळीस वयाच्या बायकांच्या शरीरात ३.३ लिटर, आणि नव्वदीत दोघांचंही अडीचच्या आसपास. पण ही उलाढाल आहे, पिण्याचं पाणी नव्हे. शरीरात तयार होणारं, हवेतल्या बाष्पातून येणारं आणि अन्नातलं पाणी वजा केलं, तर अभ्यासातल्या संशोधकांच्या अंदाजानं तरुण पुरुषाला पेयांतून साधारण १.५ ते १.८ लिटर आणि तरुण बाईला १.३ ते १.४ लिटर पुरतं. यात चहाही आला.

सरासरीपेक्षा मला त्या अभ्यासातला पसारा महत्त्वाचा वाटतो. कुणाची उलाढाल एक लिटर, कुणाची सहा, एखाद्याची दहा. जास्त कोणाची? उष्ण आणि दमट हवेत राहणाऱ्यांची, खेळाडूंची, गर्भवतींची, आणि गरीब देशांत अंगमेहनत करणाऱ्यांची. एसीच्या ऑफिसात बसून बाटलीवरची रेघ गाठणारा आणि त्याच इमारतीच्या बाहेर उन्हात फरशी चढवणारा, या दोघांना एकच आकडा सांगणं म्हणजे दोघांनाही चुकीचं सांगणं. एकाला तो जास्त होतो, दुसऱ्याला अपुरा पडतो.

सरकारी संस्थांचे आकडे याच नजरेनं वाचावेत. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेनं २००४ मध्ये पुरुषांना ३.७ आणि बायकांना २.७ लिटर असं सांगितलं, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१० मध्ये २.५ आणि २.० लिटर. फरक पाहून दचकायला होतं. पण दोन्हीकडे हे अन्नासकट एकूण पाणी आहे, आणि दोन्ही आकडे मुख्यतः निरोगी लोक प्रत्यक्षात किती पितात ते पाहून काढलेले आहेत. याहून कमी प्यायलात तर अपाय होईल, असा त्यांचा अर्थ नाही. त्याच अमेरिकी अहवालात बहुतेक निरोगी माणसांची गरज तहानेच्या आधारानंच भागते असंही नोंदवलं आहे.

चहाबद्दल एक जुना गैरसमज अजून जात नाही: चहा-कॉफीनं लघवी जास्त होते, म्हणून ते हिशेबात धरायचं नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात २०१४ मध्ये नेहमी कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना काही दिवस कॉफी आणि काही दिवस तेवढंच पाणी देऊन तपासलं, शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. २०१६ च्या एका ब्रिटिश अभ्यासात तर प्यायलेलं पाणी शरीरात धरून ठेवण्यात दूध साध्या पाण्यापेक्षा सरस ठरलं. तेव्हा सकाळचा कपभर चहा, दुपारचं ताक, कोकम सरबत, पन्हं, सोलकढी, सगळं जमेला. साखरेचा हिशेब वेगळा ठेवावा एवढंच.

इथवर ठीक. पण गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्यानं काही फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सरसकट ‘नाही’ असं नाही. सगळ्यात भक्कम पुरावा मुतखड्याचा आहे. इटलीतल्या पार्मा इथं लॉरेन्झो बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांचे दोन गट केले. एकाला दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांनी पहिल्या गटात १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात २७ टक्क्यांना. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही मुतखड्यावरचा सल्ला त्याच पायावर उभा आहे. यातली मेख अशी की मोजायचं ते पीत असलेलं पाणी नाही, बाहेर पडणारी लघवी. जालन्याच्या एप्रिलमध्ये तीन लिटर पिऊन घामातच दीड-दोन लिटर गेलं तर खड्याच्या दृष्टीनं ते पाणी वाया. आपल्याकडे खडा झाला की कुळथाचं कढण सुरू होतं, कुंडीतली पानफुटीची पानं तोडली जातात. कढण रोज दोन वाट्या प्यायलं की पोटात तेवढं पाणी जातंच. श्रेय मात्र कुळथाला.

‘उन्हाळी लागली’ असं आपण म्हणतो, लघवी कमी, गडद आणि जळजळणारी. पुष्कळदा ते फक्त पाणी कमी पडल्याचं लक्षण असतं आणि दोन दिवस नीट प्यायलं, वाळ्याचं पाणी, धन्या-जिऱ्याचं पाणी घेतलं की जातं. न जाणारी जळजळ, ताप, कळ हे जंतुसंसर्गाचं काम, तिथं डॉक्टर लागतो. ज्या बायकांना असा संसर्ग वारंवार होतो त्यांच्यावर बल्गेरियात एक चांगला प्रयोग झाला. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० जणींपैकी निम्म्यांना आणखी दीड लिटर पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना संसर्ग सरासरी १.७ वेळा झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. पैसा बाटलीबंद पाणी विकणाऱ्या एका फ्रेंच कंपनीचा होता, हे वाचताना ध्यानात ठेवावं. त्यानं आकडे खोटे ठरत नाहीत, पण असे प्रयोग कोण का करतं ते कळतं. जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायल्यानं डाएट करणाऱ्या मध्यमवयीन आणि वयस्क लोकांचं वजन बारा आठवड्यांत दोनेक किलो जास्त उतरल्याचंही एका छोट्या प्रयोगात दिसलं आहे.

ज्या फायद्याची जाहिरात सगळ्यात मोठी, तिथंच पुरावा लुळा पडतो. ‘पाण्यानं मूत्रपिंडं धुऊन निघतात’ हे ऐकून ज्यांची मूत्रपिंडं आधीच थोडी अधू आहेत ते लोक जास्त पाणी पितात. कॅनडात अशाच ६३१ रुग्णांवर हे नीट तपासलं गेलं. वर्षभर जास्त पाणी प्यायला प्रवृत्त केलेल्या गटाच्या मूत्रपिंडांची घसरण दुसऱ्या गटाइतकीच झाली. हेही २०१८ सालचंच. त्वचा तजेलदार होणं, ‘विषद्रव्यं’ बाहेर पडणं यांची गत याहून वाईट. कुठली विषद्रव्यं, हे विचारलं की संभाषण थांबतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ११,२५५ लोकांच्या तीस वर्षांच्या नोंदींवरून एक बातमी जगभर फिरली, की पाणी कमी पिणारे लवकर म्हातारे होतात. प्रत्यक्षात त्या अभ्यासात मोजलं होतं रक्तातलं सोडियम. ते वरच्या टोकाला असलेल्यांत आजार जास्त दिसले हे खरं, पण पाणी वाढवल्यानं ते टळले असते हे त्यावरून सिद्ध होत नाही. २०२४ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या डॉक्टरांनी पाणी कमी-जास्त करून केलेल्या १८ नियंत्रित प्रयोगांचा एकत्र धांडोळा घेतला. इतक्या मोठ्या प्रश्नावर धड प्रयोग अठराच, हे वाचून मला आधी हसू आलं. त्यात मुतखडा आणि वजन यांवरचा पुरावा टिकला, अर्धशिशी, लघवीचा संसर्ग वगैरेंवर एखाद-दुसरा प्रयोग, बाकी धूसर.

जास्त पाण्यानं नुकसान होतं का? होतं, आणि जीवही जातो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये धावलेल्या ४८८ जणांचं रक्त शेवटच्या रेषेपाशी तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांमध्ये सोडियम गरजेपेक्षा खाली उतरलेलं होतं आणि तिघांत ते जीवघेण्या पातळीला पोचलेलं. त्यांनी पाणी कमी नव्हे, जास्त प्यायलं होतं. कित्येकांचं वजन धावून वाढलं होतं. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं, भरपाई फक्त पाण्याची होते, आणि कष्टाच्या ताणात व्हॅसोप्रेसिन मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी सोडू देत नाही. रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेनं खेळाडूंना गमावलेला सगळा घाम भरून काढा, किंवा सोसवेल तितकं प्या, असा सल्ला दिला होता. २००७ मध्ये तो बदलावा लागला. आता पुष्कळ तज्ज्ञ तहान लागेल तसं प्या, असं सांगतात. मुंबई मॅरेथॉनला किंवा साताऱ्याच्या डोंगरी अर्धमॅरेथॉनला पहिल्यांदा उतरणाऱ्या, कित्येक तास रेंगाळत धावणाऱ्या हौशी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. वेगानं धावणाऱ्याला प्यायला वेळच नसतो. धोका मागून येणाऱ्याला.

तहानेवर विसंबा, असं म्हणताना काही माणसं बाजूला काढावी लागतात. पहिली म्हातारी माणसं. ऑक्सफर्डमध्ये १९८४ साली निरोगी वृद्ध आणि तरुण पुरुषांना २४ तास पाण्याविना ठेवलं. वृद्धांच्या रक्तात पाण्याची तूट जास्त होती, तरी तहान कमी लागली, आणि पाणी समोर ठेवल्यावर त्यांनी प्यायलंही कमी. म्हणून घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला आठ ग्लासांचं व्याख्यान देण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा त्यांच्या हातात काहीतरी पातळ द्यावं, आमटी, पेज, ताक, पातळ खीर. रात्री उठावं लागतं म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. त्यांचा कोटा दुपारपर्यंत उरकावा. दुसरी, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत आलेली माणसं. त्यांना डॉक्टर पाण्याची मर्यादा घालून देतात, आणि डायलिसिसवरच्या रुग्णासाठी ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला घातकच. तिसरी, तान्ही बाळं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी एक थेंबही नको, भर उन्हाळ्यातही नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. ‘घसा सुकला असेल बिचाऱ्याचा’ म्हणून बोंडल्यानं पाजलेल्या पाण्यानं पोट भरतं, दूध कमी पडतं आणि जंतू पोटात जातात.

आणि जुलाब. तिथं तर साधं पाणी पुरतच नाही. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांत कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांनाच पाजायला दिलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू ३.६ टक्क्यांवर आले. साखर आतड्यातून आत जाताना सोडियमला सोबत नेते आणि त्यांच्यामागे पाणी जातं, ही त्यातली किमया. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे. जिथं प्रमाण खरोखर चमच्यानं मोजून पाळायला हवं, अशी ही जागा.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मला खटकत आली आहे. पाणी किती प्यावं हे विचारणाऱ्याला बहुधा पुरेसं पाणी मिळत असतं. ज्यांना कमी पडतं ते विचारत नाहीत, कारण त्यांना माहिती कमी पडलेली नसते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालली ती कशासाठी? बाजारात भाजी विकणाऱ्या, घरकामाला दूरवर जाणाऱ्या, दिवसभर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बायकांना स्वच्छ, फुकट मुतारी मिळत नाही म्हणून. अशी बाई सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहा पिते आणि मग संध्याकाळपर्यंत ओठ ओले करण्यापुरतं पाणी. तिला तहान कळते. पण लघवीला जागा कुठं आहे, दार लागतं का, आत पाणी आहे का, हे तिला त्याहून आधी कळतं. शाळेतल्या मुलींचंही तेच. केरळनं २०१९ मध्ये शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, चांगलं झालं. पण मुलींच्या संडासाला कडी नसेल तर घंटा वाजून उपयोग नाही.

दुसरं ठिकाण उसाचा फड. दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोचा कोयता निघतो आणि उन्हाळा लागेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोप्यांत राहतो. पहाटे तोड सुरू, सावली नाही, आडोसा नाही, पाणी येईल ते कॅनमधून. टनावर पैसा, त्यामुळे पाण्याला थांबणं म्हणजे मजुरी बुडणं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा या कामाच्या जागांची अवस्था थोडीफार उजेडात आली. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड्यांची कथा याहून भयंकर आहे. एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत मधुमेह नाही, रक्तदाब नाही असे तिशी-चाळिशीतले तोडकरी मूत्रपिंड निकामी होऊन मरताना दिसू लागले. कारणाबद्दल अजून वाद आहेत. उन्हातल्या अतिश्रमांवर आणि सततच्या निर्जलीकरणावर मोठा संशय आहे. निकाराग्वातल्या एका कारखान्यानं फडात पाणी, ठरावीक विश्रांती आणि हलत्या सावलीची सोय केली आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचं प्रमाण उतरलं. नुसतं पाणी वाढवून भागलं नव्हतं. विश्रांती आणि सावली वाढवावी लागली, कारण काम थांबल्याशिवाय अंगातली उष्णता उतरत नाही, मग कितीही प्या.

आणि काही ठिकाणी मुळात पाणीच कमी पडतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. केंद्राच्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर, आणि त्यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, कपडे, सगळं आलं. यातले दोन-तीन लिटर पिण्याचे. उरलेल्या पन्नासएक लिटरमध्ये संडासाच्या बादलीचं पाणी येतं की नाही, यावर घरातली बाई ते दोन-तीन लिटर पिणार की नाही हे ठरतं.